मदत हवी आहे: मेल-फिमेल जॉब पालथा केला की बसत नाही

माइल्ड स्टीलची 10 मिमी जाड पट्टी आहे. मेल भागाला 20 मिमी रुंद आणि 20 मिमी लांब जीभ, फिमेलमध्ये तेवढीच खाच. सरळ घातली की जीभ पूर्ण आत जाते, 0.05 मिमीचा फीलर (फट मापायची पातळ पट्टी) कुठेच शिरत नाही. मेल भाग पालथा केला की 5-6 मिमीवरच अडकतो. मायक्रोमीटरवर जिभेची रुंदी टोकाला आणि बुडाशी सारखीच येते, 19.98. निळा (कुठे टेकतंय ते दाखवणारा रंग) लावला तर खाचेच्या भिंतींवर जाडीच्या मधोमध बारीक पट्टा उमटतो, कडा कोऱ्याच राहतात. खाच अजून थोडी कानसू का? कानस 250 मिमीची सेकंड कट (मध्यम दात्यांची) आहे. तिचे खोल ओरखडेही पडतायत.

प्रतिसाद १
खाचेला आत्ता हात लावू नका. रुंदी सारखी असली म्हणजे जीभ सरळ आहे असं नाही. दोन्ही बाजू समांतर राहून एकीकडे कललेल्या असू शकतात आणि मायक्रोमीटरला ते कळत नाही. बर (कडेला राहिलेली धारदार कोर) काढा, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) खांद्याला, म्हणजे जिभेच्या बुडाजवळच्या पायरीला टेकवून जिभेच्या दोन्ही बाजू उजेडात बघा.

धागाकर्ता
पाहिलं. एका बाजूला टोकाशी उजेड दिसतो, दुसऱ्या बाजूला बुडाशी.

प्रतिसाद १
मग तेच कारण. कललेल्या जिभेवरून खाच जुळवली, म्हणून तीही तशीच कलली. पालथं घातल्यावर कल विरुद्ध होतो आणि चूक दुप्पट दिसते: 20 मिमीत 0.04 चा कल असेल तर 0.08. ही जीभ आता सरळ केली तर बारीक होईल, खाचही सरळ करताना रुंदावेल. ही जोडी वाचणार नाही. खाच गुण्यात (काटकोनात) आणा, मग नवी जीभ 0.1 जास्त ठेवून कापा आणि खाचेत बसवून बघत घासून उतरवा. ड्रॉइंगच्या मापात खाच राहत नसेल तर दोन्ही नवे करा. तेव्हा जीभ आधी पूर्ण करा, तिला पुन्हा कानस लावू नका, खाच तिच्यावरून जुळवा.

आतल्या कोपऱ्यांत आधीच 3 मिमीचं भोक पाडा. नाहीतर कानशीची कड तिथे गोलाई सोडते, जिभेचा कोपरा तिच्यावर चढतो आणि निळा भलतीच जागा दाखवतो. खांद्याजवळ बिनदात्यांची कड असलेलीच कानस घ्या.

प्रतिसाद २
मधला पट्टा म्हणजे भिंत फुगीर आहे, कानस हातात डोलते आहे. व्हाइसचा (जॉब पकडायच्या शिकंजाचा) जबडा कोपराच्या उंचीला हवा. सुरुवातीला दाब पुढच्या हातावर, मध्ये दोन्हींवर सारखा, शेवटी मुठीवर. परत आणताना दाब नको. दर काही फेऱ्यांनी तिरकी दिशा बदला, उंचवटे रेघांवरूनच दिसतात. जिभेच्या बाजूंना शेवटचे 0.05 स्मूथ (बारीक दात्यांची) कानस आडवी धरून ओढून काढा. खाचेत ती आडवी मावत नाही, तिथे अरुंद स्मूथ कानशीने हलके छोटे फटके द्या. निळा पुसट लावा. जाड थर सगळीकडे उमटतो आणि फसवतो.

ओरखडे दात्यांत अडकलेल्या कणांचे आहेत. तारेच्या ब्रशने दात्यांच्या दिशेने झाडा, हट्टी कण पितळी पट्टीने काढा, मग कोरडा खडू घासा. खडू लावलेल्या कानशीला तेल लागू देऊ नका. एमरी पेपर फक्त बाहेरच्या पृष्ठांवर, सपाट पट्टीला गुंडाळून: 180, 240, 320, प्रत्येक वेळी आडवी दिशा बदलून. बसणाऱ्या पृष्ठांवर तो कडा गोल करतो.

धागाकर्ता
हाताच्या उबेने पोलाद फुगलं असेल का?

प्रतिसाद २
20 मिमी पोलाद 10 अंशांनी तापलं तर सुमारे 0.002 मिमी वाढतं. तुमची अडचण त्याच्या कितीतरी पट मोठी आहे. गुण्याच पकडा.