एच. पायलोरीच्या फेरतपासणीआधी पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी बंद ठेवायची आहे, जळजळीचं काय करावं? (मदत हवी आहे)

आईला (वय ६२) जेवणानंतर पोटात वरच्या बाजूला जळजळ, मळमळ, आंबट ढेकर असा त्रास होता. एंडोस्कोपीत जठराला सूज दिसली, अल्सर नाही. बायोप्सीत हेलिकोबॅक्टर पायलोरी (एच. पायलोरी) या जठरातल्या जंतूचा संसर्ग निघाला. अँटिबायोटिक्सचा १४ दिवसांचा कोर्स एकही गोळी न चुकवता पूर्ण झालाय.

आता जंतू खरंच गेलेत का, हे बघायला शौचाची अँटिजेन तपासणी करायची आहे. अँटिबायोटिक संपून किमान ४ आठवडे जावे लागतात, ते गेलेत. पण पॅन्टोप्राझोलही २ आठवडे बंद हवी, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. इथेच घोडं अडलंय. गोळी थांबवली की जळजळ उसळते, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, आणि तिचे हाल बघवत नाहीत म्हणून गोळी पुन्हा सुरू होते.

रात्रीचं जेवण लवकर, तिखट-तेलकट आणि चहा बंद, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच, हे सगळं चालू आहे. थंड दुधाने तेवढ्यापुरतंच बरं वाटतं. गुडघ्यांसाठीची वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी आधीच बंद केली आहे. वजन घटणं, काळी शौच, उलटीत रक्त, गिळताना त्रास, यातलं काही नाही. मधुमेह नाही, रक्तदाबाची गोळी चालू आहे. श्वासाची तपासणी आमच्या तालुक्यात होत नाही. डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात, त्यांना विचारणारच आहोत.

ज्यांनी ही तपासणी केली आहे, त्यांना त्या २ आठवड्यांत अँटासिडचं पातळ औषध किंवा फॅमोटिडीन (आम्ल कमी करणारं दुसऱ्या प्रकारचं औषध) घ्यायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती का, आणि नमुना देण्याआधी तेही किती दिवस थांबवायला सांगितलं होतं?