‘द टुरिन हॉर्स’मधले बटाटे

जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे वाचल्याशिवाय ‘द टुरिन हॉर्स’ हा सिनेमा कळणार नाही, असं काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. १८८९ साली इटलीतल्या टुरिनमध्ये नीत्शेने चाबूक खाणाऱ्या घोड्याच्या गळ्याला मिठी मारली, ही गोष्ट सुरुवातीला काळ्या पडद्यावर निवेदक सांगतो आणि नंतर नीत्शेचं नावही निघत नाही. पुढचे जवळजवळ अडीच तास फक्त एक बाप, त्याची मुलगी, घोडा आणि जवळजवळ शेवटपर्यंत न थांबणारा वारा. तत्त्वज्ञान आहे ते याच्यात.

‘तेच तेच दाखवलंय’ या तक्रारीबद्दल मात्र सांगायलाच हवं. रोजचं उकडलेला बटाटा खाणं तेच असलं, तरी कॅमेरा जागा बदलतो. पहिल्या दिवशी तो बापावर असतो. उजवा हात लुळा, त्यामुळे डाव्याच हाताने, चटके सोसत, अधाशासारखं सोलणं. दुसऱ्या दिवशी मुलीवर, आणि मग ती किती सावकाश खाते ते दिसतं. आणखी एक, बायबलमध्ये सहा दिवसांत सृष्टी घडते आणि सुरुवात उजेडापासून होते. इथेही सहा दिवस आहेत, पण क्रम उलटा: घोडा चारा सोडतो, विहीर आटते आणि शेवटी उजेड जातो. दिव्यात तेल असूनही तो पेटत नाही! दिग्दर्शक बेला तारसोबत ही पटकथा लिहिणारे लास्लो क्रास्नाहोरकाई म्हणजे २०२५ चे साहित्याचे नोबेल मिळालेले लेखक. एका बैठकीत, मोबाइल लांब ठेवून पाहा.