जुन्या जीपच्या अ‍ॅक्सलचा रेशो ५.३८ की ४.८८, ओळखायचा कसा?

सह्याद्री_जीप:
नमस्कार मंडळी, जुनी सीजे ३बी जीप आहे, फोर बाय फोर. मागच्या डिफरन्शियलचा (दोन चाकांमधल्या गिअरपेटीचा) आवाज एवढा वाढलाय की मेस्त्री म्हणतात क्राउन-पिनियन (आतली मोठ्या आणि लहान गिअरची जोडी) गेलं, अख्खं अ‍ॅक्सलच बदला. कुर्ल्याला एक जुनं अ‍ॅक्सल बघून आलो, दोन्ही बाजूंचे ब्रेक ड्रम आहेत, पण कुठल्या गाडीचं ते दुकानदारालाही सांगता येईना, "जीपचंच आहे, बसणार" एवढंच. माझा पुढचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेरीला शाफ्टच्या फेऱ्या, ५.३८ आहे, दात मोजलेत, क्राउनचे ४३ आणि पिनियनचे ८. तिथे एक ड्रम विटेवर गच्च होता, दुसरा हाताने एक फेरी फिरवला तर पिनियनचा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) अडीच फेऱ्यांच्या आसपास फिरला. पण एवढा कमी रेशो जीपला कसा असेल? टोकन देऊ का?

गॅरेज_कराड:
दादा टोकन नका देऊ अजून. अडीच आलं ते बरोबरच आहे, त्याची दुप्पट करा. एक बाजू धरून ठेवली की दुसरं चाक दोनदा फिरतं तेव्हा क्राउन एकदा फिरतो, साध्या डिफरन्शियलचं कामच ते. पण "अडीचच्या आसपास" मध्ये दोन्ही बसतात ना, ५.३८ ला एका फेरीत २.६९ येतात आणि ४.८८ ला २.४४, डोळ्याला कळणारच नाही. फ्लँजवर आणि हाऊसिंगवर खडूची रेघ मारा, ड्रम दहा फेऱ्या फिरवा, दुसऱ्या माणसाला फ्लँज मोजायला बसवा. जवळजवळ २७ आले तर ५.३८, साडेचोवीसच्या जवळ थांबलं तर ४.८८.
आणि कोणी गाडीवरच मोजणार असेल तर जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना नसतो, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टला असतो, तो सोडल्याशिवाय शाफ्ट फिरणारच नाही, म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा आणि मगच गिअर न्यूट्रल करा.

जुनी_गाडी_नाशिक:
मी तर म्हणेन मागचं झाकण उघडायलाच लावा. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, विषय संपला. ४३ ला ८ म्हणजे ५.३८, ३९ ला ८ म्हणजे ४.८८. बऱ्याचदा क्राउनच्या कडेला आकडे ठोकलेले असतात, चिंधीने पुसून टॉर्च मारून बघा. त्याच वेळी तेल बोटात चोळा, चांदीसारखी चमक असेल तर दात झिजलेत, कडक कण लागले तर हातच लावू नका. आणि क्राउन एकाचा पिनियन दुसऱ्याचा असं कधीच घेऊ नका, जोडी एकत्र घासून तयार केलेली असते, दोघांवर एकच जुळणीचा नंबर असतो, वेगळी जोडलीत की आवाज येणारच.

घाटरस्ता:
रेशो वेगळा, ४.८८ निघाला आणि तरी बसवलं तर टू व्हीलमध्ये गाडी चालेल, फक्त स्पीडोमीटर चुकेल, कारण त्याची केबल ट्रान्स्फर केसवरून येते, काटा ६० वर असेल तेव्हा गाडी ६६ ने पळत असेल. पण डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकलंत की पुढचं-मागचं एकमेकांना ओढणार, लिव्हर अडकणार, टायर घासणार आणि सगळा ताण ट्रान्स्फर केसवर. फोर बाय फोर वापरायची असेल तर दोन्ही अ‍ॅक्सलचा रेशो एकच पाहिजे, यात तडजोड नाही.

सह्याद्री_जीप:
जाऊन आलो. खडू लावून दहा फेऱ्या केल्या, फ्लँज २४ पूर्ण आणि वर जवळजवळ अर्धी. म्हणजे ४.८८, सोडून दिलं. त्याच्याकडे आत अजून एक पडलंय, शनिवारी झाकण उघडून देतो म्हणालाय. खूप आभार सगळ्यांचे.