मदत हवी आहे : अपडेटनंतर जिओवर कॉल बंद, फोन तापतोय

कढीपत्ता
बाबांचा फोन आहे. ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोअरेज. परवा रात्री अँड्रॉइड १३ वरून १४ वर गेला. तेव्हापासून जिओ सिमवर कॉल जात नाही, येतही नाही. इंटरनेट मात्र व्यवस्थित. दुसऱ्या स्लॉटमधल्या एअरटेलवरून कॉल लागतात. फोन खिशात असला तरी गरम, दुपारपर्यंत बॅटरी ३० टक्क्यांवर. बँकेचं अ‍ॅप उघडताक्षणी बंद होतं. दोनदा रिस्टार्ट करून झालं. दुकानदार म्हणतो, फॅक्टरी रीसेट मारा. मारू का? बॅकअप नाही.

टॉवरखाली
अजिबात मारू नका. रीसेटने अँड्रॉइड १३ परत येत नाही, फोटो आणि चॅट तेवढे जातात.

आधी कॉलचं बघू. एअरटेल चालतंय ही मोठी खूण आहे. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, त्यामुळे मोबाइल नेटवर्कवरचा कॉल व्होल्टीवरून, म्हणजे ४जीवरूनच आवाज नेण्याच्या सोयीवरून जातो. व्होल्टी बंद पडलं तरी इंटरनेट चालू राहतं, कॉल तेवढा मरतो. एअरटेल अशा वेळी टूजीवर उतरून कॉल लावतं, म्हणून तिथे बिघाड कळत नाही.

सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्क उघडा, जिओ सिम निवडा, व्होल्टी किंवा ४जी कॉलिंगचं बटण बघा. काही फोनवर प्रत्येक सिमला वेगळं बटण असतं.

कढीपत्ता
बटण चालूच दिसतंय. तरी कॉल नाही.

टॉवरखाली
मग व्होल्टीसाठी फोनची जिओच्या नेटवर्कवर होणारी नोंदणी अडकली असणार. डायलरवर *#*#४६३६#*#* टाका, फोनची माहिती उघडा, वरच्या तीन टिंबांतून आयएमएसची, म्हणजे व्होल्टी कॉल चालवणाऱ्या यंत्रणेची, स्थिती बघा. सगळ्या फोनवर हा कोड चालत नाही. नाही उघडला तर सोडून द्या. उघडला तर त्या पानावरचं दुसरं काही बदलू नका.

'नॉट रजिस्टर्ड' असेल तर व्होल्टी बंद करा, रिस्टार्ट करा, पुन्हा चालू करा. तेवढ्याने नाही झालं तर रीसेट पर्यायांतून फक्त मोबाइल नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करा. फोटो, चॅट, नंबर यातलं काही जात नाही. काही फोनवर वायफाय आणि ब्लूटूथही त्याच बटणात असतात, म्हणून वायफायचा पासवर्ड आधी लिहून ठेवा. नंतर एपीएनमध्ये (सिमला इंटरनेटशी जोडणारी सेटिंग) 'जिओनेट' आहे ना, ते बघा.

मंदआच
तापण्याबद्दल. मोठ्या अपडेटनंतर फोन सगळी अ‍ॅप नव्या सिस्टिमसाठी पुन्हा तयार करतो. हे काम मुख्यतः फोन चार्जिंगला आणि स्क्रीन बंद असतानाच उरकलं जातं. दिवसभरात वीस-वीस मिनिटं चार्ज करणाऱ्यांचं काम रेंगाळत राहतं आणि तोवर प्रत्येक अ‍ॅप प्रोसेसरला जास्त राबवतं. दोन रात्री वायफाय चालू ठेवून, कव्हर काढून, फोन चार्जिंगला लावून ठेवा. गादीवर किंवा उशीखाली नको.

जागा किती मोकळी आहे? ६४ जीबीच्या फोनवर ८-१० जीबी तरी रिकामी हवी. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, मग स्टोअरेज, मग मॅनेज स्टोअरेज. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स वेगळ्या दिसतात. सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओ तिथूनच उडवा. तिसऱ्या दिवशीही तापला तर बॅटरीच्या वापरात सगळ्यात वर कोणतं अ‍ॅप आहे ते इथे लिहा.

कढीपत्ता
मोबाइल नेटवर्क रीसेट केल्यावर 'रजिस्टर्ड' आलं, कॉल लागला! बाबा सकाळपासून माझ्या फोनवरून बोलत होते. जागा फक्त ३ जीबी मोकळी निघाली, आता साफ करतेय. बँकेच्या अ‍ॅपचा डेटा क्लीअर करू का?

टॉवरखाली
थांबा, ते शेवटी. आधी प्ले स्टोअरमधून क्रोम, अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू आणि बँकेचं अ‍ॅप अपडेट करा. बरीच अ‍ॅप आपली पानं वेबव्ह्यूमधून दाखवतात. मार्च २०२१ मध्ये एकट्या वेबव्ह्यूच्या सदोष आवृत्तीने जगभर अँड्रॉइडवरची अ‍ॅप उघडताच बंद पडत होती. डेव्हलपर ऑप्शन्स (अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीची जादा सेटिंग्ज) चालू असतील तर बंद करा, काही बँकांची अ‍ॅप त्यावर अडतात.

डेटा क्लीअर केलात तर सिमची पडताळणी पुन्हा होईल. त्यासाठी बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं आणि त्यावरून साधा एसएमएस जायला हवा. नोंदवलेला नंबर जिओचा असेल तर आधी एक एसएमएस स्वतःच्या नंबरवर पाठवून बघा. तो पोहोचला की मगच क्लीअर करा.