गावाला कारागीर मिळत नाहीत, हा आयटीआयचा दोष आहे का?

धागाकर्ता: ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींचा शेतकरी 5 टक्के हिस्सा भरतो आणि पंपाला 5 वर्षांची दुरुस्ती-हमी मिळते. ती संपल्यावर कंट्रोलर उघडून पाहणारा माणूस पंचक्रोशीत असेल का? आयटीआयमधून वीजतंत्री, जोडारी (फिटर), संधाता (वेल्डर) बाहेर पडतात, पण त्यांचा सराव चाकण-वाळूजच्या कारखान्यांना साजेसा असतो. जळालेली मोटार भरून (तिच्यात नवी तार गुंडाळून, म्हणजे वाइंडिंग करून) देणारा मात्र आजही एखाद्या उस्तादाच्या हाताखालीच तयार होतो. म्हणून प्रशिक्षणाचे निम्मे दिवस तालुक्याच्या गावातील चालू दुकानांत व्हावेत आणि शिकवणाऱ्या कारागिराला शासनाने मानधन द्यावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद (शिल्प निदेशक, म्हणजे आयटीआयमधील शिक्षक): असहमत. उस्ताद मोटार भरायला शिकवतो, पण अर्थिंग का करायचे हे बहुधा शिकवत नाही, आणि त्याची किंमत विहिरीवर ओल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाला मोजावी लागते. शिवाय मुलगा चाकणला जातो तो तेथे पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो म्हणून. गावात केलेल्या कामाचे पैसे उसाचे बिल निघाल्यावर मिळतात. ही उधारी कोणता अभ्यासक्रम मिटवणार आहे?

धागाकर्ता: उधारीचा मुद्दा मान्य आहे, परंतु आगाऊ रक्कम कशी मागायची, कोणते सुटे भाग जवळ ठेवायचे, हेही दुकानातच शिकता येते. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि चार ते 29 कामगार असतील तर ते ऐच्छिक आहे. एकट्या माणसाचे दुकान त्या चौकटीत बसतच नाही.

प्रतिसाद (वाइंडिंग दुकानदार): बसत नाही तेच बरे आहे. मानधनासोबत तपासणी आणि कागद येतील, आणि शिकलेला मुलगा समोरच्याच गाळ्यात दुकान थाटेल. पावसाळ्यात मोटारी बंद असतात, तेव्हा मलाच पुरेसे काम नसते. कारागिरांची टंचाई आहे म्हणणाऱ्यांनी ती कोणत्या महिन्यात आणि कोणत्या दराला आहे, हेही सांगावे.

प्रतिसाद: वर्षभर काम न पुरण्याचे कारण ‘एक माणूस, एक ट्रेड’ ही रचना आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून शाळांत गेलेल्या कार्यक्रमात विद्यार्थी अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य ही चारही क्षेत्रे हाताळतो. जोडकाम, नळजोडणी आणि मोटार येणारा माणूस पावसाळ्यातही रिकामा बसत नाही. शहरी कारखान्याला एका कामात मुरलेला हात हवा असतो, तर गावाला पाच कामे जमणारा. आपण दोघांना एकाच वर्गात बसवतो आणि मग दोष मुलांना देतो.

प्रतिसाद (शिल्प निदेशक): पाच कामे येणारा जरूर घडवा. तथापि वीजजोडणीच्या कामावर परवानाधारकाची सही लागते आणि त्यासाठी त्या ट्रेडचे पूर्ण प्रशिक्षण वा परीक्षा हवी. शाळेत मिळालेल्या तोंडओळखीवर ती सही करता येणार नाही.