नवरा दुबईत, घरी केशरी कार्ड. योजना घ्यायच्या का?

मानेवाडा_सेवाकेंद्र
महिन्यात पाच-सात अर्ज एकाच साच्याचे येऊन राहिले, म्हणून नेमकं विचारतो. नवरा तीन वर्षांपासून दुबईत ड्रायव्हर, पगार १५०० दिरहम. घरी बायको, साठीची विधवा सासू, बारावीतली मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. केशरी कार्ड, प्राधान्य कुटुंबाचं धान्य चालू. कुही तालुक्यात तीन एकर, सातबारा सासूच्या नावानं. घरच्यांचं म्हणणं असं की तिकडच्या पगारावर इथं टॅक्स नाही, म्हणजे इथलं उत्पन्न शून्य. मग लाडकी बहीण, आरटीई (खासगी शाळेतला राखीव मोफत प्रवेश), रेशन, मुलीची फी, सगळ्याला अर्ज करायचा. मला हे पटत नाही, पण काय चालेल आणि काय नाही हे कलमवार सांगता येत नाही. जाणकारांनी सांगावं.

फाईल_नंबर_सात
घोळ एकाच ठिकाणी आहे. "करपात्र नाही" म्हणजे "उत्पन्न नाही" असं होत नाही. वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहणारा नोकरदार अनिवासी ठरतो आणि त्याच्या तिकडच्या पगारावर आयकर खातं इथं कर लावत नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला ही वेगळी गोष्ट. तो कुटुंबाला सगळीकडून मिळून किती मिळतं ते सांगतो. दिरहम २३ रुपये धरला तर महिन्याला ३४,५०० आणि वर्षाला ४,१४,००० होतात. अर्जातल्या नोकरीच्या रकान्यात हाच आकडा जायला हवा.

काही लोक नवऱ्याचं शून्याचं आयटीआर (आयकर विवरणपत्र) जोडतात. त्यात फक्त भारतातली कमाई दिसते, म्हणून त्याच्यावरून दाखला काढणं म्हणजे अर्धवट कागद दाखवणं. खाली स्वयंघोषणापत्रावर सही अर्जदाराची असते, तुमच्या केंद्राची नाही. उद्या प्रकरण निघालं तर बाईच अडकते. जोडायला कंपनीचं पगारपत्रक किंवा करारपत्र आणि बायकोच्या पासबुकाची वर्षभराची नोंद घ्या. करारपत्र अरबीत असेल तर इंग्रजी प्रत मागवा, बहुतेक करार दोन्ही भाषांत असतात.

संत्रानगरी_४४००
एवढं सरळ नाही भाऊ. एजंटला दीड-दोन लाख देऊन माणूस जातो, ते कर्ज व्याजानं काढलेलं. तिकडे खाणं, मोबाईल, कधी कधी खोलीचं भाडं. घरी येतात १५,०००. म्हणजे वर्षाचे १,८०,०००. मग हेच उत्पन्न धरायचं ना?

फाईल_नंबर_सात
नाही. उत्पन्न म्हणजे कमावलेलं, घरी पोचलेलं नाही. इथंही एमआयडीसीत काम करणाऱ्याचा हप्ता आणि खोलीभाडं दाखल्यातून वजा होत नाही. कर्जाचा भार खरा आहे, पण त्यासाठी दाखल्यात रकानाच नाही. तुमचं गणित माणुसकीला धरून आहे, नियमाला धरून नाही.

आता लाडकी बहीण. मर्यादा २.५ लाख. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला *जोडण्यातून* सूट आहे, मर्यादेतून नाही. हा फरक नव्वद टक्के लोक गाळतात. ४.१४ लाखवाल्या घरातली बायको अपात्र, कार्ड कोणत्याही रंगाचं असो. २०२५ मध्ये पतीच्या किंवा वडिलांच्या आधारावर ओटीपी मागणारं ई-केवायसी आलं, तेव्हा अशी बरीच नावं अडकली, कारण नवऱ्याचं इथलं सिम बंद पडलेलं असतं. लोक त्याला "तांत्रिक अडचण" म्हणतात. अडचण सिमची नाही, पात्रतेची आहे.

धान्यदुकान_इतवारी
रेशनचं सांगतो. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्न ५९,००० पर्यंत, ग्रामीण भागात ४४,०००. ४.१४ लाख त्याच्या आसपासही नाही. कार्डाचे रंगही उत्पन्नावरच आहेत, केशरी एक लाखापर्यंत, त्यावर पांढरं.

इथं एक शहाणपणा हमखास होतो. दुबईवाल्याचं नाव कार्डातून कमी करतात आणि समजतात की त्याचा पगारही कमी झाला. नाव कमी करणं बरोबरच आहे, कारण अंगठा द्यायला माणूस इथं नाही आणि त्याचे महिन्याचे ५ किलो उचलणं चूक आहे. पण बायको-मुलं त्याच्यावरच अवलंबून, म्हणून उत्पन्न कुटुंबातच राहतं. दोन अर्ज एकत्र द्या, एक नाव कमी करायचा आणि दुसरा धान्याचा हक्क सोडायचा. आपणहून सोडलेलं केव्हाही बरं. पुरवठा खात्याच्या पडताळणीत सापडलं तर उचललेल्या धान्याची वसुली लागू शकते. माणूस परत आला, नोकरी सुटली, तर नवीन दाखल्यावर पुन्हा अर्ज करता येतो, दार कायमचं बंद होत नाही.

कागदपत्र_ताई
सगळे "नाही नाही" सांगून राहिले, पण खऱ्या आकड्यावर काय मिळतं ते कोणी सांगत नाही. रेशनच्या ५९,००० च्या आत बसायला ५८,००० चा खोटा दाखला काढून बाई २० किलो धान्य वाचवते आणि लाखाची फी सवलत धोक्यात घालते.

मुलगी बारावीत आहे ना? केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेली आणि ती ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटात बसत असेल, तर ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. मर्यादा ८ लाख. ४.१४ लाख त्यात आरामात बसतात. ईडब्ल्यूएसचीही मर्यादा ८ लाखच, मात्र त्यात पगार, शेती, धंदा सगळं धरतात आणि शेती ५ एकर, फ्लॅट १००० चौरस फूट अशा अटी वेगळ्या. महाडीबीटीवर (शिष्यवृत्ती-फी सवलतीच्या सरकारी पोर्टलवर) खरा दाखला चढवला की कुठंच खोटं बोलायची पाळी येत नाही. घरात ५८,००० आणि ४.१४ लाख असे दोन दाखले फिरत असले, तर मात्र कोणता खरा हे सांगता सांगता प्रवेशाची तारीख निघून जाते.

दवाखाना: महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सगळ्या कार्डधारकांना, पांढऱ्यासुद्धा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. म्हणून पांढऱ्या कार्डाला घाबरू नका.

आरटीई: दुर्बल घटकातून १ लाखाची मर्यादा, तिथं जमणार नाही. पण कुटुंब एससी, एसटी, व्हीजेएनटी, ओबीसी किंवा एसबीसी असेल तर वंचित घटकातून अर्ज करा, तिथं पालकाचं जात प्रमाणपत्र लागतं, उत्पन्नाची अट नाही. उगाच दुर्बल घटकावर टिक मारू नका. नागपुरातच २०२४ मध्ये बोगस कागदांवरून पालकांवर गुन्हे दाखल झाले आहेत.

आणि नवऱ्याचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जायला सरकारी मंजुरी लागणारा, असेल (दहावी नापास असला की बहुधा तोच) तर प्रवासी भारतीय बीमा योजना बघा. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख. मुदत संपली की नूतनीकरण ऑनलाइन होतं, आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

मानेवाडा_सेवाकेंद्र
सासूचं काय? तिचं नाव त्याच कार्डात आहे.

कागदपत्र_ताई
लाडकी बहीणमध्ये कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. विवाहित मुलगा सासूच्या कुटुंबात येत नाही, म्हणून ६५ वर्षांपर्यंत ती स्वतःच्या उत्पन्नावर पात्र ठरते. मुलगा अविवाहित असता तर त्याचा पगार धरला असता. पडताळणीत कार्ड बघतात, तेव्हा तिचं वेगळं कार्ड असलेलं सोपं जातं. पण चूलही खरोखर वेगळी असली तरच. कार्डासाठी कागदावर घर फोडू नका.

पीएम किसानचंही तसंच. सातबारा तिच्या नावावर आहे तोवर मुलाच्या अनिवासी असण्याचा संबंध नाही. वारसाहक्कानं जमीन दुबईवाल्याच्या नावावर चढली की तो बाद, अनिवासी भारतीय त्या योजनेत बसत नाही. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला १२,००० येत असतील तर लाडकी बहीणचे पूर्ण १५०० न येता फरकाचे ५०० येतात, ती चूक समजून तक्रार करत बसू नये.

सदर_ची_वकील
एक प्रकार राहिला. माणूस तिकडे कमावतो पण घरी दमडी पाठवत नाही, फोनही उचलत नाही. तिथं त्याचा पगार दाखवून बाईला अपात्र ठरवणं अन्यायाचं आहे, आणि परित्यक्ता (नवऱ्यानं सोडलेली बाई) हा गट संजय गांधी निराधार योजनेतही आहे, लाडकी बहीणमध्येही. निराधारची मर्यादा वर्षाला २१,०००. दोन्हींतलं एकच घेता येतं.

नुसतं तोंडी सांगून तलाठी मानत नाही. पासबुकाच्या बारा महिन्यांच्या नोंदी (परदेशातून एकही रक्कम नाही हे दिसायला हवं), पोलिसांच्या भरोसा सेलमधल्या (महिला मदत कक्षातल्या) तक्रारीची पोच, आणि पोटगीचा अर्ज केला असेल तर त्याची प्रत. नवऱ्याचा पत्ताच लागत नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका, तिचा क्रमांकही फाईलीला लावा. तक्रार आधी, दाखल्याचा अर्ज नंतर. उलट क्रमानं गेलं तर चौकशीत पहिला प्रश्न हाच येतो की आजवर तक्रार का नाही केली.