शेतकरी कर भरत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा कृषी केंद्राचं बिल वाचावं

कोरडवाहू (ता. परंडा):

काल इथं एका सरांनी लिहिलं, "नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. ८१९ कलमांची ५३६ केली, पण शेतीचं उत्पन्न परत करमुक्तच ठेवलं. पगारदारांनी भरायचं आणि पूर आला की पॅकेज यांनी घ्यायचं. शेतकरी या देशात एक रुपया कर भरत नाही." खाली दीडशे अंगठे. मला ते वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं नऊ एकर रान, सगळं कोरडवाहू. यंदा पाच बॅगा सोयाबीन पेरलं. जुलैचं कृषी केंद्राचं बिल आत्ता समोर आहे. तणनाशक आणि दोन फवारण्यांचं औषध, मूळ किंमत ८,४०० रुपये. खाली सीजीएसटी ९ टक्के, ७५६. एसजीएसटी ९ टक्के, ७५६. एकूण ९,९१२. शेंग भरायच्या आधीच १,५१२ रुपये कर गेला. डीएपी खताची गोणी १,३५० ला, तिच्यात ५ टक्के धरलेलेच. पीव्हीसी पाइपावर १८ टक्के. डिझेल तर जीएसटीत नाहीच, त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क वेगळं आणि राज्याचा व्हॅट वेगळा.

दुकानदारानं कंपनीला दिलेला कर त्याला क्रेडिट म्हणून, म्हणजे त्यानं भरायच्या करातून वजा होऊन, मिळतो. तेल गिरणीला मशिनवरचा मिळतो. मी शेतकरी, म्हणून मला जीएसटीची नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही म्हणून क्रेडिट नाही. भावात घालून वसूल करावा म्हटलं तर भाव आडतीवर ठरतो. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८, माझ्या विक्रीच्या पट्टीवर ४,०५० आहे. शेतकरी जीएसटीच्या बाहेर म्हणजे एवढंच, की सगळ्यांनी पुढं ढकललेला कर माझ्यापाशी येऊन थांबतो.

आयात शुल्क हासुद्धा करच आहे. ३० मे २०२५ ला कच्च्या सोया, पाम, सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्के केलं, ऐन पेरणीच्या तोंडावर. १९ ऑगस्टला कापसावरचं ११ टक्के काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे वेचणीचा हंगाम त्यातच गेला. गिरण्यांना आणि शहराला मिळालेली ती स्वस्ताई आमच्या भावातून निघाली.

२२ सप्टेंबरला ट्रॅक्टर, ठिबक, रोटाव्हेटर १२ वरून ५ टक्क्यांवर आले. चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच आठवड्यात सीना नदी पात्राबाहेर आली आणि माझं दोन एकर मातीसकट खरडून गेलं, खाली मुरूम उघडा पडलाय. त्या पुराच्या मदतीला सर "आमच्या पगारातली" म्हणतात. सर, तिच्यात माझ्या औषधाच्या बाटलीचे पैसेही आहेत.

मास्तर_नांदेड:

ते सर म्हणजे मीच. अप्रत्यक्ष कर सगळेच भरतात हो. मी साबण घेतो, पेट्रोल घेतो, त्यावर मीही भरतो. त्याशिवाय माझा आयकर पगार हातात यायच्या आधीच कापला जातो. प्रश्न उत्पन्नावरच्या कराचा होता, तुम्ही बिलं दाखवली. माझ्या गल्लीत एक बागायतदार आहेत, दोन चारचाकी, मुलगा पुण्यात, विवरणपत्र भरल्याचं मी ऐकलेलं नाही. मी वीस वर्षं नोकरी केली, घराचा हप्ता अजून चालू आहे. मला राग यायचा नाही का?

सिंदफणाकाठ:

सर, राग गल्लीतल्या एकाचा आणि लिहिलं "शेतकरी". गेवराईला या, दाखवते कोण किती उत्पन्न लपवतंय ते. आमच्याकडं कपाशीची बोंडं झाडावर सडली. शिवाय नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर आता आयकर नाही, पगारदाराला तर पावणेतेरा. सोयाबीनवर बारा लाख कमावणारा शेतकरी मला एक दाखवा.

मोंढ्याजवळचा:

दुकानदार क्रेडिट घेतो हे वाचायला सोपं आहे. माझं अवजारांचं दुकान आहे. २२ सप्टेंबरच्या आधी भरलेला माल १२ टक्के देऊन घेतलेला, विकला ५ नं. फरक क्रेडिट खात्यात पडून आहे, त्यानं भाडं भरता येत नाही. निरंक विवरण एक दिवस चुकलं तरी रोजचे २० रुपये दंड. आणि एक विचारतो, इथले किती जण पक्की पावती घेतात? निम्मं गिऱ्हाईक म्हणतं, बिल नको, तेवढे कमी करा. कच्च्या पावतीवर घेणाऱ्यानं कर भरला म्हणू नये.

कोरडवाहू:

निम्मं तुमच्या दुकानात असेल. माझ्याकडं २०१९ पासूनच्या पावत्या आहेत, कारण त्या वर्षी बोगस बियाणं उगवलं नाही आणि पावती नव्हती म्हणून पंचनाम्यात मला धरलं नाही. तेव्हापासून मी पावतीशिवाय माल घेत नाही.

लातूरचा करसल्लागार:

दोन्ही बाजूंचं अर्धंच बरोबर आहे. शेती उत्पन्नावर कर लावायचा अधिकार केंद्राला नाहीच, घटनेच्या राज्यसूचीत ४६ व्या नोंदीत तो राज्यांकडं आहे. आयकर कायदा कितीही नवा आणला तरी हे बदलत नाही. १९७२ ला के. एन. राज समितीनं मोठ्या धारणेवर कर सुचवला होता. २०१७ ला नीती आयोगाचे बिबेक देबरॉय शेतीवरच्या करावर बोलले, तर अर्थमंत्री अरुण जेटलींनी लगेच "असा विचार नाही" म्हणून विषय बंद केला. आणि सर, ज्याचं दुसरं उत्पन्न करपात्र आहे त्याचं शेती उत्पन्न दर काढताना धरलं जातं, हेही लक्षात घ्या.

पण माझ्या टेबलावर काय येतं ते मी पाहतो. तीन एकर खडकाळ रान आणि शेती उत्पन्न चाळीस लाख दाखवा म्हणणारे लोक येतात. त्यात शेतकरी कुणीच नसतो. पुरेशी कागदपत्रं न तपासता शेती उत्पन्नाची सूट दिल्याची प्रकरणं कॅगनं, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेनं, २०१९ च्या अहवालात काढली आहेत. चाळीस लाखवाल्यांची फाइल मी परत पाठवतो आणि गिऱ्हाईक दुसरीकडं जातं. सरांचा राग इथं जायला पाहिजे.

मास्तर_नांदेड:

हे मान्य, पण मग सूट ठेवताच कशाला? आणि व्यवसाय कराचं कुणी बोलत नाही. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाला अडीच हजार. नोकरी करतो म्हणून दंड भरायचा का?

सिंदफणाकाठ:

तो कर कशासाठी आला ते माहीत नसेल तर ऐका. १९७५ चा कायदा आहे, रोजगार हमीला पैसा उभा करायला. शहरातल्या पगारातून गावातल्या हाताला काम. विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पाग्यांनी मांडलेली कल्पना, देशाला २००५ ला (नरेगा) सुचली ती महाराष्ट्रानं तीस वर्षं आधी केली. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होती. खडी फोडताना उडालेल्या कपरीनं तिचा डावा डोळा गेला. मिलोची (परदेशी ज्वारीची) लाल भाकरी आणि पोरांना सुकडी.

मास्तर_नांदेड:

म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं. नोकरदारांनी पैसा दिला आणि गाव जगलं.

सिंदफणाकाठ:

"दिला" म्हणू नका! त्या बायांनी दिवसभर दगड फोडून, माती वाहून मजुरी घेतली. बीडहून येताना तुम्ही ज्या रस्त्यानं येता तशा किती रस्त्यांची खडी बहात्तरच्या बायांच्या हातची आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. फुकट खाल्लं असं परत लिहू नका.

मोंढ्याजवळचा:

ताई, एक दुरुस्ती. दुष्काळ बहात्तरचा, कर पंच्याहत्तरचा. तुमच्या आजीची मजुरी व्यवसाय करातली नव्हती.

सिंदफणाकाठ:

बरोबर आहे, मी दोन्ही एकत्र केलं. पण मग सरांचं "आम्ही दिलं" हेही बहात्तरपुरतं बाद झालं. आणि आजी पुढं ऐंशी सालापर्यंत हमीच्या कामावर जात होती, एका डोळ्यानं.

लातूरचा करसल्लागार:

अजून एक. रोजगार हमीसाठी बागायती जमिनीवरही उपकर होता. म्हणजे हमीचा भार एकट्या नोकरदारावर नव्हता.

मास्तर_नांदेड:

माझी आईसुद्धा त्या कामावर होती, कंधार तालुक्यात. मी हे इथं लिहिणार नव्हतो. म्हणूनच शिकलो आणि नोकरीला लागलो. ताई, फुकट हा शब्द मी वापरला नव्हता, पण अर्थ तसा निघत असेल तर मागं घेतो.

मूळ मुद्द्यावर माझं मत बदललेलं नाही. पन्नास एकर बागायत आणि वर्षाला तीस-चाळीस लाख कमावणाऱ्यानं कर भरलाच पाहिजे. कोरडवाहू भाऊंच्या बिलावरचे १८ टक्के मात्र मला माहीत नव्हते. बायको म्हणाली आपल्या बिस्किटावर ५ झाले. बिस्किटाला ५ आणि फवारणीला १८, हे चूक आहे.

कोरडवाहू:

सर, पन्नास एकर बागायतवाल्यावर लावा, माझी हरकत नाही. त्याच्यामुळंच आमच्यावर बोट येतं. फक्त मर्यादा ठरवताना उत्पन्न धरा, नुसती एकरं धरू नका. माझे नऊ एकर आणि उजनी धरणाखालचे बागायती नऊ एकर एक नाहीत.

औषधावरचा कर कमी करायचं म्हणता तेव्हा एवढं लक्षात घ्या, सरकारनं जैविक कीटकनाशकं ५ टक्क्यांवर आणलीत. मी निंबोळीवालं वापरून पाहिलं, अळी कोवळी असताना चालतं. चक्रीभुंगा पडल्यावर त्यानं भागत नाही. आमच्याकडं चक्रीभुंगाच पडतो. म्हणून रासायनिकही ५ वर आणा, किंवा ठिबकाच्या अनुदानासारखा कराचा भाग शेतकऱ्याच्या खात्यावर परत द्या. पावत्या माझ्याकडं सहा वर्षांच्या आहेत.

मोंढ्याजवळचा:

खात्यावर परत मिळणार असेल तर माझ्या दुकानात उद्यापासून एकही गिऱ्हाईक कच्ची पावती मागणार नाही. हे मात्र मी लिहून देतो.